साखर उतरवायची म्हणून पुण्यात उपवास धरला

ज्यांना भात, पोळी, पाव, गोड चालत नाही आणि तरी चार दिवस पुण्यात काढायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फिरायला गेलो नव्हतो. घाबरून गेलो होतो. पण चार दिवस शहरात हिंडलो, खाल्लं, आणि अशी एक चूक केली की ती दुसऱ्या कोणी करू नये.

मी भंडारा जिल्ह्यातला. नववीनंतर शाळा सुटली, मग गावही सुटलं. सुरत, हैदराबाद, राजस्थान, कुठंच दोन वर्षांच्या वर मन लागलं नाही. सध्या कर्नाटकात गदगच्या बाजूला पवनचक्क्यांवर आहे. खांबाच्या आतून शिडीनं वर जायचं आणि बोल्ट कसायचे, हे काम. वर गेलं की वारा सोडून कोणी बोलत नाही, म्हणून मला ते आवडतं. चढायला हाइट पास लागतो आणि पाससाठी दर वर्षी तपासणी होते.

या वेळी नर्सनं बोटातून रक्त घेतलं, आकडा बघितला आणि दुसऱ्या बोटातून परत घेतलं. दोनशे साठ. मग माझ्याकडे न बघता तिनं कागद भरला. पास जमा. शुक्रवारी पुण्यात पूर्ण तपासणी. साखर ठीक निघाली तर पास परत, नाहीतर जमिनीवर राहून दोऱ्या ओढायच्या.

खाली काम करून कोणी मरत नाही, ते मलाही कळतं. माझी भीती वेगळी होती. माझे बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. एकदा त्यांना नवी चप्पल चावली आणि फोड आला. तो भरलाच नाही. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, मग बाबा गेले. त्यांना साखर होती हे आम्हाला पहिलं बोट काढताना कळलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आणि नर्स कागद भरत होती तेव्हा माझ्या उजव्या टाचेला नव्या सेफ्टी बुटाचा फोड होता. बारा दिवसांचा. भरलेला नव्हता.

सुपरवायझर सांगलीचे आहेत. त्यांनी पाठीवर हात टाकला. "घाबरतोस काय. चार दिवस धान्य बंद ठेव. भात नाही, चपाती नाही. रिपोर्ट कसा स्वच्छ येतोय बघ."

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात धान्य बंद म्हणजे काय? मी उपवास धरला.

मंगळवार

पहाटेच्या गाडीनं गदगहून निघालो. वाटेत विजयपूर लागतं, दुपारी सोलापूर येतं. स्टेशनवरून बसस्टँडला शेअर रिक्षा मिळते, आणि पुण्याच्या एसटीला फार थांबावं लागत नाही. खिडकीची जागा डावीकडची घेऊ नका, दुपारभर ऊन तोंडावर येतं. गाडीत शेजारचे लोक शेंगाचटणी-भाकरीची शिदोरी सोडून बसले. माझ्याकडे सहा केळी आणि बटाट्याच्या वेफर्सचं मोठं पाकीट. मी बिनसाखरेचा चहा घेतला आणि स्वतःवरच खूश झालो. एवढी सवय मोडली म्हटल्यावर साखर उतरणारच.

इंदापूरच्या पुढे बस एका ढाब्यावर थांबली. मी मुतारीत जाऊन आलो. बस सुटायच्या आत परत गेलो. आरशाखाली पाय वर घेऊन मोजा खाली केला आणि फोड बघितला. कडा लाल, मध्ये ओलं. बाबांचा कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते फक्त त्यांनी पायावर टाकलेलं फडकं. ते आम्हाला पाय दाखवायचेच नाहीत.

संध्याकाळी लोणी काळभोरला उतरलो. तिथं माझी ताई राहते. भाऊजी जवळच्या कारखान्यात आहेत, या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. ताईला नऊ वर्षं झाली इथं येऊन, त्यामुळे ती अर्धी आमच्याकडचं बोलते, अर्धी लोणीचं.

"काहून रे बाबू, एवढा वाळला? जेवाले बस. भात टाकलाय."

"उपवास आहे."

"मंगळवारी? कोणाचा?"

ताईला सांगायचं नाही असं मी गाडीतच ठरवलं होतं. बाबांची जखम तीच धुवायची. "नवस बोललोय," म्हटलं, "पासचा. शुक्रवारपर्यंत."

नवसाला ताई काही विचारत नाही. तिनं भाताचं झाकण लावलं आणि साबुदाणा भिजत घातला. तोवर बटाट्याची भाजी झाली, वरीची भगर झाली, शेंगदाण्याची आमटी झाली. नवस भावाचा आहे म्हणून तूपही सैल हातानं पडलं. मी दोनदा घेतलं. भूक तरी भागेना, आणि तहान तर नाहीच.

बुधवार

ठेकेदाराचं ऑफिस कात्रजला आहे. लोणीहून हडपसर, तिथून स्वारगेट, तिथून कात्रज. तिन्ही पीएमटीनं जमतं, सुटे मात्र जवळ ठेवा. ऑफिसातल्या बाईंनी माझा कागद घेतला, शिक्का मारला आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी कुठल्या दवाखान्यात जायचं ते लिहून दिलं.

"मॅडम, साखर निघाली तर काय होतं?"

"मला शिक्का मारायला ठेवलंय," त्या म्हणाल्या. "साखर बघायला डॉक्टर आहेत."

दिवस मोकळा होता, म्हणून सर्पोद्यान बघायला गेलो. तिकीट फार नाही, सावली भरपूर, असं ऐकलं होतं. पण बुधवारी ते बंद असतं हे मला गेटवर कळलं, तुम्ही आधी लक्षात ठेवा. बाहेर एका हातगाडीवाल्याकडून दोन उकडलेली रताळी घेतली, तिखटमीठ लावून. चव फार छान. पुढे एका दुकानावर पाटी दिसली, उपवासाची मिसळ. ही पुण्यात पहिल्यांदाच बघितली. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा किस, शेंगदाण्याची आमटी, काकडी, वरून गोडसर दही. साठ-सत्तर रुपयांत ताट भरून येतं. खाताना वाटलं, देवानं पथ्य दिलं तर असं द्यावं.

तासाभरात जीभ कोरडी पडली. पाण्याच्या दोन बाटल्या संपल्या. परतीच्या बसमध्ये डोळे जड झाले, समोरची पाटी धूसर दिसायला लागली. हडपसरच्या गर्दीत बस उभी होती आणि मला लघवीला जायचं होतं, उतरता येत नव्हतं. बाबा मिलमधून आले की आधी माठाकडे जायचे. तांब्यावर तांब्या. आई म्हणायची, उन्हाचं काम आहे. मी बसमध्ये बसून ते तांबे आठवत होतो.

तरी मनात एकच होतं की उपवास नीट करतोय, अजून एक दिवस आहे.

गुरुवार

ताईनं राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले. म्हणाली, घरात बसून नुसता पाय काय बघतो, गणपतीला जाऊन ये. म्हणजे तिनं मला पाय बघताना पाहिलं होतं. मी लाडू पिशवीत टाकले.

स्वारगेटहून मंडईपर्यंत आता मेट्रो आहे, दोन-तीन मिनिटांत सोडते. तिथून बुधवार पेठ चालत. दगडूशेठच्या गणपतीला लांबूनही हात जोडता येतात, पण मी रांगेत लागलो. मागायचं काय ते ठरत नव्हतं. पास मागू की पाय? पाय मागितला. हातावर मोदक पडला. तो तोंडात टाकायची हिंमत झाली नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. प्रसाद खिशात ठेवला म्हणून वेगळी भीती वाटली.

मग वायर, चार्जर, स्पीकरच्या दुकानांतून, जुन्या पुस्तकांच्या ढिगांमधून फिरलो आणि एका बोळातल्या उपाहारगृहात शिरलो. सगळी टेबलं भरलेली. एका टेबलावर एक म्हातारे काका एकटे जेवत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी खुर्ची ओढली.

"बसणार असाल तर पिशवी मांडीवर घ्या," काका म्हणाले. "टेबल जेवायला आहे."

मी पिशवी मांडीवर घेतली आणि साबुदाण्याची खिचडी आणि उपवासाची कचोरी मागवली. काकांच्या ताटात पिठलं, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. भाकरीचा चतकोर तुकडा. बाकीची भाकरी त्यांनी वेगळ्या ताटलीत बाजूला सारली होती.

"आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार."

"ते मला ठाऊक आहे. उपवास कसला?"

ताईला सांगता आलं नाही ते या माणसाला कसं सांगितलं, माहीत नाही. परत कधी भेटणार नव्हतो म्हणून असेल. "काका, साखर वाढलीये. उद्या तपासणी आहे. म्हणून धान्य बंद केलंय."

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे साखर उतरावी म्हणून आपण साबुदाणा खाताय."

"हो."

"आणि बटाट्याची कचोरी."

"हो."

"किती दिवस?"

"आज तिसरा."

"मग साखर प्रसन्न झालीच म्हणून समजा."

पाणी ठेवणारा वेटर हसला. मला काही समजलं नाही.

"अहो, उपवास देवाला चालतो," काका म्हणाले. "साखर काही एकादशी मानत नाही. साबुदाणा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. बटाटा तोच, रताळं तेच. वरी ही भाताची बहीण. केळं आणि गुळाचा लाडू तर विचारूच नका. आपण तीन दिवस भातच खाल्लात, फक्त सोवळ्यातला."

समोर खिचडी होती, अर्धी झालेली. केळी, वेफर्स, भगर, रताळी, मिसळ, सगळं एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागलं. मी चमचा ठेवला आणि एकदम विचारून बसलो, "काका, पाय जातो का?"

काकांनी खुर्ची मागे सरकवून पाय टेबलाबाहेर काढले. सँडल, स्वच्छ कापलेली नखं. "दोन आहेत. मोजून घ्या. अठ्ठावीस वर्षं झाली साखर होऊन. रोज सकाळी चष्मा लावून बघतो, तळव्याला आरसा धरतो. बायको म्हणते, इतकं कधी माझ्याकडे पाहिलं नाहीत."

"मग मी आता काय खाऊ?"

"कागद आहे? नाही? मग लक्षात ठेवा, मी दोनदा सांगत नाही. पालेभाजी, दुधी, वांगं, कोबी, काकडी पोटभर. अंडी, मासळी, कोंबडी खात असाल तर उत्तम, मी खात नाही. पनीर, दही, गोड नसलेलं ताक. शेंगदाणे मूठभर, पोतंभर नाही. पिठलं, उसळ वाटीभर. भात, साबुदाणा, बटाटा, पाव, उसाचा रस यांना नमस्कार करायचा आणि पुढं जायचं. आणि हे मी सांगतोय म्हणून नको, उद्या डॉक्टरांना विचारा. मी पोस्टात होतो."

त्यांनी ताक संपवलं, हात धुतले. जाताना म्हणाले, "दीड-दोन तासांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बोट पुढं करा. म्हणजे माझं खरं वाटेल."

ते दोन तास मी पुस्तकांच्या दुकानांपुढे काढले. एकही नाव वाचल्याचं आठवत नाही. मग बोट पुढं केलं. दुकानदारानं यंत्र माझ्याकडे वळवलं. तीनशे अठरा. तीन दिवस पथ्य करून मी जवळजवळ साठ आकडे वर चढलो होतो.

लोणीला पोचेपर्यंत ताई स्वयंपाकाला लागली होती. मी खिशातला मोदक काढून दिला. तिनं अर्धा तोंडात टाकला, अर्धा माझ्यापुढे धरला.

"नको."

"प्रसादाले नाही म्हणते का रे?"

मग मी सांगून टाकलं. पास, नर्स, दोनशे साठ, काका, तीनशे अठरा, टाच. ताईच्या तोंडातला मोदक चावायचा थांबला. "बाबासारखं?"

"माहीत नाही."

तिनं उरलेला अर्धा तुकडा डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. "आणि मी तीन दिवस तुले साबुदाणा घालून राहिली. वरून तूप ओतून."

"मीच मागितला ना."

"दाखव पाय."

तिनं दिव्याखाली माझी टाच धरली, बाबांची धरायची तशी, बोटं न लावता खालून. मी विचारलं, "ताई, तू कधी तपासून घेतलं?"

"मले काय झालं हाय?" ती उठली आणि गॅस मोठा केला. तीन अंड्यांची भुर्जी, मेथीची सुकी भाजी, काकडी, ताक. पोळी नाही. मी खाल्लं. पोट भरल्यासारखं वाटलं नाही, पण तहान कमी झाली. ती मात्र त्या रात्री भात वाढून घेऊन नुसती बसली होती.

शुक्रवार

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रांगेत सगळे उपाशी, म्हणून सगळेच चिडलेले. रक्त दिलं, दुपारी डॉक्टरबाईंनी बोलावलं. माझं वय बघितलं, कागद बघितला.

"साखर आहे," त्या म्हणाल्या. "या तपासणीत गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते. चार दिवसांच्या खाण्यानं हिला फसवता येत नाही. काय खाल्लं चार दिवस?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "दर श्रावणात माझ्याकडे असे दहा जण येतात," एवढंच म्हणाल्या. "बूट काढा. झोपा. डोळे मिटा. लागलं की हो म्हणायचं."

त्यांच्या हातात नायलॉनचा बारीक दोरा होता, काडीला लावलेला. बाबांना शेवटी पायाखाली निखारा आला तरी कळत नव्हतं. मी डोळे मिटले. अंगठ्याला टोचल्यासारखं झालं. हो. करंगळीखाली. हो. चवड्यावर. हो. टाचेजवळ. हो. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिलो. पंखा ऐकू येत होता.

"आता लागलं?"

खोटं हो म्हणावंसं वाटलं. पास डोळ्यांसमोर होता. पण तोंडातून खरं बाहेर पडलं. "नाही."



"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "लावला नव्हता."

मी डोळे उघडले नाहीत. त्यांनी दुसरा पायही तपासला. पायाची जाणीव शाबूत आहे. फोड भरतोय, हळू भरतोय, पण भरतोय. गोळ्या दिल्या. हाइट पास तीन महिने नाही. मग परत रक्त बघायचं. आणि सांगितलं, की गोळ्या चालू झाल्या की जेवण चुकवायचं नाही, मनानं सगळं एकदम बंद करायचं नाही. चक्कर, थरथर, घाम आला तर आधी साखर तोंडात टाकायची. म्हणजे आता ज्या साखरेला भिऊन आलो ती खिशात ठेवून फिरायचं.

स्वारगेटजवळ एका खानावळीत सुकं मटण मागवलं. म्हटलं, भाकरी आणि भात नको.

मालक गल्ल्यावरून म्हणाला, "थाळीत धरलेलं आहे. नको असेल तर खाऊ नका. पैसे तेवढेच."

रस्सा दोनदा घेतला, कांदा-काकडी वेगळी मागून घेतली. पुण्यात हे जमतं. टोमणा ऐकायची तयारी ठेवायची. कुठंही अंडा भुर्जी बिनपावाची मिळते, ताक मिळतं, पोळीभाजी केंद्रात नुसती भाजी मिळते. फक्त उपवासाच्या पाटीपासून लांब राहा.

परत

शनिवारी निघताना ताईनं डबा दिला, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, पालकाची भाजी. फळीवर तो मोदकाचा डबा तसाच होता.

साइटवर येऊन महिना झाला. मी आता खाली असतो. वरून दोरी हलवली की सामानाची पिशवी वर सोडतो. मान दुखते, आणि वर कोण काय बोलतं ते ऐकू येत नाही. चार जणांत खोलीवर जेवायला बसतो तेव्हा भाताचं पातेलं माझ्यासमोरून जातं. मूठभर घेतो, कधी नाही घेत. एकदा दोन मुठी घेतल्या, आणि मग त्या रात्री पाय हातात धरून बसलो. पुण्याहून काय आणलं म्हणाल तर ही भीती. आधी ती मला न कळता मागून यायची, आता समोर येऊन बसते.

ताई रोज फोन करते. काय खाल्लं विचारते. मी विचारतो, तपासलं का. ती म्हणते, उद्या. सतरा दिवस ती उद्या म्हणाली. मी रागावलो नाही, मला माहीत होतं ते उद्या कसलं असतं. अठराव्या दिवशी म्हटलं, "दुकानात जा. फोन चालू ठेव. मी आहे."

ती गेली. मी टॉवरच्या सावलीत बसून ऐकत होतो. गाड्यांचे आवाज, दुकानदार म्हणाला हात पुसा, मग टक. मग यंत्राची पीप.

"अठ्ठ्याण्णव," ताई म्हणाली. "उपाशीपोटी. चांगला हाय म्हणते हा."

मला बरं वाटलं. थोडा जळलो पण. ती रडत होती की हसत होती, फोनवर कळलं नाही. मग नाक ओढून तिनं रोजचा दुसरा प्रश्न विचारला.

"पाय बघितला आज?"

"बघितला," म्हटलं.

फोन ठेवला, बूट काढला, मोजा काढला, आणि मग खरंच बघितला.